बिलाचे गूढ आणि नफ्याचे उघड गणित
ब्रिटनमधील वीज-गॅसच्या खाजगीकरणाचा धडा

फेब्रुवारी ते एप्रिल २०२२ या काळात ब्रिटनमधील सुमारे सत्तर लाख कुटुंबांच्या बँक खात्यांतून वीज व गॅस कंपन्या दरमहा उचलीत असलेली रक्कम सरासरी ६२ टक्क्यांनी वाढली. पाच लाखांहून अधिक कुटुंबांच्या बाबतीत ती दुपटीच्याही वर गेली. हे आकडे कोणा कामगार संघटनेच्या प्रचारपत्रकातले नाहीत. 'ऑफजेम' या तेथील नियामक संस्थेनेच ते जुलै २०२२ मध्ये प्रसिद्ध केले. वाढ का झाली, किती दिवस राहणार, आपलीच आगाऊ जमा झालेली रक्कम कोठे गेली, याचा उलगडा लाखो कष्टकऱ्यांना हाती आलेल्या बिलावरून होत नव्हता.

भांडवलशाही वृत्तपत्रांनी यावर उपाय सांगितला तो असा: ग्राहकाने जागरूक व्हावे, मीटरचे आकडे वेळेवर कळवावेत, दरपत्रके ताडून पाहावीत आणि स्वस्त कंपनी शोधावी. म्हणजे दोष कोणाचा? बिल न समजणाऱ्याचा! हा युक्तिवाद तपासून पाहणे अगत्याचे आहे, कारण खाजगीकरणाचे समर्थक भारतातही तोच ऐकवीत असतात.

खात्यातून थेट उचल

'डायरेक्ट डेबिट' ही व्यवस्था दिसायला निरुपद्रवी आहे. कुटुंब वर्षभरात किती वीज व गॅस वापरील याचा अंदाज कंपनी बांधते, त्या रकमेचे बारा समान भाग करते आणि दरमहा एक भाग खात्यातून परस्पर उचलते. उन्हाळ्यात वापर कमी असल्याने ग्राहकाचे पैसे कंपनीकडे साठतात. हिवाळ्यात ते वापरात जिरतात. थंडीत एकदम मोठे बिल येत नाही, ही सोय खरी आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही.

परंतु या सोयीची किल्ली कोणाच्या हाती आहे? अंदाज कंपनीचा, हप्ता ठरवणार कंपनी, तो बदलणार कंपनी. ग्राहकाला पूर्वसूचना द्यावी, रक्कम उपलब्ध असलेल्या अद्ययावत माहितीवर आधारावी आणि हिशेब समजेल अशा भाषेत द्यावा, असे परवान्याच्या अटी सांगतात. तरीही नियामकाच्या तपासणीत अनेक कंपन्यांच्या हिशेबपद्धतीत त्रुटी आढळल्या आणि दुपटीहून अधिक वाढवलेले हप्ते पुन्हा तपासण्याचा आदेश द्यावा लागला. अट कागदावर राहिली, पैसा मात्र खात्यातून गेला.

लाखो घरांतून उन्हाळ्यात आगाऊ जमा होणारी ही रक्कम कंपनीच्या दृष्टीने बिनव्याजी खेळते भांडवल असते. बँकेकडे कर्ज मागावे तर तारण आणि व्याज द्यावे लागते. कामगाराच्या पगारातून उचललेल्या पैशाला दोन्ही लागत नाही. असा पैसा स्वतंत्र खात्यात सुरक्षित ठेवण्याची सरसकट सक्ती करावी, हा विचार २०२२ मध्ये खुद्द नियामकाने मांडला आणि पुढे सोडूनही दिला. गोंधळ कोणाच्या पथ्यावर पडतो हे यावरून स्पष्ट व्हावे.

मर्यादा कशाची?

बिलावरील दुसरे गूढ म्हणजे 'कमाल मर्यादा'. २०१८ च्या कायद्यान्वये जानेवारी २०१९ पासून ऑफजेम ही मर्यादा ठरवते. ऑक्टोबर २०२१ मध्ये ती वर्षाला १,२७७ पौंड होती. एप्रिल २०२२ मध्ये १,९७१ झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरसाठी ३,५४९ जाहीर झाली. सामान्य माणसाची समजूत अशी की आपले बिल यापुढे जाणार नाही. प्रत्यक्षात हा आकडा सरासरी वापराच्या एका कल्पित कुटुंबाचा आहे. मर्यादा आहे ती युनिटच्या दरावर आणि दररोजच्या स्थिर आकारावर. थंडगार, ओल धरणाऱ्या घरात राहणाऱ्या वृद्धाने अधिक गॅस जाळला तर त्याच्या बिलाला कोणतीही मर्यादा नाही.

स्थिर आकाराची कथा तर अधिक बोलकी आहे. विजेवरील हा आकार एप्रिल २०२२ मध्ये दिवसाला सुमारे २५ पेन्सवरून ४५ पेन्सवर गेला. दिवा न लावणाऱ्यालाही तो चुकत नाही. या वाढीचा मोठा भाग कशासाठी होता? बुडालेल्या कंपन्यांचा खर्च भरून काढण्यासाठी!

नफा खाजगी, तोटा सार्वजनिक

ॲटली सरकारने १९४७ व १९४८ च्या कायद्यांनी वीज व गॅस यांचे राष्ट्रीयीकरण केले होते. थॅचर सरकारने १९८४–८५ च्या खाणकामगारांच्या संपाविरुद्ध राज्ययंत्रणेची सारी शक्ती वापरली आणि १९८६ मध्ये ब्रिटिश गॅस, तर १९९० पासून वीज कंपन्या शेअरबाजारात विकून टाकल्या. १९९९ पर्यंत घरगुती ग्राहकांची बाजारपेठही पूर्णतः खुली झाली. स्पर्धा येईल, दर घटतील, ग्राहक राजा होईल, असे आश्वासन होते.

स्पर्धा आली ती कशी, पाहण्यासारखे आहे. तारा त्याच, नळ तेच, गॅस तोच. बदलते ते फक्त बिलावरचे नाव. नियामकाने प्रवेशाचे निकष इतके ढिले ठेवले की नाममात्र भांडवलावर कंपन्या उभ्या राहिल्या. त्यांतील काहींचा व्यवहार ग्राहकांच्या आगाऊ जमेवरच चालत होता. २०२१ मध्ये गॅसचे घाऊक दर भडकताच त्या पत्त्यांच्या बंगल्यासारख्या कोसळल्या. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०२२ च्या अहवालात २८ बुडीत कंपन्यांचा ग्राहकांवर पडणारा भार २.७ अब्ज पौंड, म्हणजे दर कुटुंबामागे सुमारे ९४ पौंड, असा काढला. बल्ब ही मोठी कंपनी यात धरलेलीच नाही. ती नोव्हेंबर २०२१ मध्ये विशेष प्रशासनाखाली जाऊन सरकारी पैशावर चालली. बुडालेल्या कंपनीच्या ग्राहकाची जमा बुडाली नाही हे खरे. पण ती परत करण्याचा खर्च सर्व ग्राहकांच्या बिलांवर पसरला. मालकाने खर्चून टाकलेले पैसे जनतेने जनतेलाच परत केले!

त्याच २०२२ सालात शेलचा वार्षिक नफा सुमारे ४० अब्ज डॉलर आणि ब्रिटिश गॅसची मालक असलेल्या सेंट्रिकाचा ३.३ अब्ज पौंड होता. 'बाजाराचा नियम' तोट्याला एक आणि नफ्याला दुसरा असतो, एवढाच याचा अर्थ.

गरिबाच्या दारात वॉरंट

हप्ता झेपेनासा झाला म्हणून खात्यातील उचल रद्द करावी तर काय होते? ग्राहक महाग दराच्या वर्गात ढकलला जातो. थकबाकी वाढली की त्याच्या घरी प्रीपेड मीटर बसते. स्मार्ट मीटर असेल तर घरात पाऊलही न टाकता दूरवरून ते प्रीपेड करता येते. पैसे संपले की दिवा बंद. यात कंपनीला वीज तोडल्याचा ठपका येत नाही. गरीब माणूस स्वतःच स्वतःची वीज 'तोडतो'!

या सक्तीसाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडून वॉरंटे गठ्ठ्यांनी मंजूर होत असत. फेब्रुवारी २०२३ मध्ये 'द टाइम्स' या दैनिकाने ब्रिटिश गॅससाठी काम करणारे वसुली-दलाल असहाय कुटुंबांच्या घरांत कसे शिरतात हे उघडकीस आणले, तेव्हा कोठे हा प्रकार काही काळ थांबला. पुढे तो अधिक अटींसह पुन्हा सुरू झाला. घरगुती ग्राहकांची थकबाकी २०२५ मध्ये ४ अब्ज पौंडांच्या वर गेली आहे. चार अब्जांची थकबाकी हे काय लाखो लोकांच्या 'अजागरूकतेचे' फळ आहे?

संतापाला संघटना हवी

२०२२ च्या उन्हाळ्यात 'डोन्ट पे' ही मोहीम उभी राहिली. दहा लाख लोकांनी प्रतिज्ञा केली तर १ ऑक्टोबरपासून सर्वांनी एकदम डायरेक्ट डेबिट रद्द करायचे, असा तिचा संकल्प होता. शत्रूचे मर्मस्थान तिने अचूक हेरले होते. परंतु लक्ष्य गाठले गेले नाही. सप्टेंबरमध्ये सरकारने सरासरी बिल २,५०० पौंडांवर रोखण्याची हमी दिली, वरचा फरक तिजोरीतून कंपन्यांना दिला आणि संतापाची धार बोथट केली.

या अनुभवाची टिंगल करणे चूक ठरेल, तसेच त्याचे उदात्तीकरण करणेही. पोल टॅक्सविरुद्धच्या असहकारात १९९० मध्ये वस्त्यावस्त्यांत समित्या होत्या. जप्तीला आलेल्या अधिकाऱ्यासमोर शेजारी उभे राहत. एकट्याने रद्द केलेला हप्ता मात्र एकट्याच्याच दारी वॉरंट आणतो. कंपनी प्रत्येक घराशी वेगळा करार करते, वेगळा अंदाज बांधते, वेगळे बिल पाठवते. प्रत्येकाला वाटते की घोटाळा फक्त आपल्याच खात्यात आहे. ही विखुरलेली अवस्था मोडल्याशिवाय लढा टिकत नाही.

जुलै २०२२ मध्ये ब्रिटिश ट्रेड युनियन काँग्रेसने पुरवठा कंपन्या सार्वजनिक मालकीत घेण्याची मागणी केली. मजूर पक्षाच्या सरकारने २०२५ मध्ये कायदा करून 'ग्रेट ब्रिटिश एनर्जी' ही सरकारी कंपनी स्थापली. पण तिचे क्षेत्र निर्मितीतील गुंतवणुकीचे. बिले पाठवणाऱ्यांच्या केसालाही तिने धक्का लावलेला नाही.

भारतासाठी इशारा

हा धडा परका नाही. १९९६ मध्ये ओरिसात वीज मंडळाचे तुकडे झाले ते जागतिक बँकेच्या कर्जाने आणि ब्रिटिश सरकारच्या मदतीने. १९९९ मध्ये वितरण खाजगी झाले. महाचक्रीवादळानंतर एईएस या अमेरिकी कंपनीने २००१ मध्ये काढता पाय घेतला, उरलेल्या तीन कंपन्यांचे परवाने २०१५ मध्ये रद्द करावे लागले. त्यानंतरही वितरण पुन्हा खाजगी भांडवलाच्याच हाती सोपवण्यात आले!

महाराष्ट्रात वीज मंडळाचे विभाजन २००५ मध्ये झाले. आज महावितरणच्या बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क अशी रांग असते, आणि वर्षातून एकदा अतिरिक्त सुरक्षा ठेवीचे निराळे बिल येते. या ठेवीवर निदान व्याज मिळते. प्रीपेड मीटरमध्ये वापराआधीच पैसा जातो आणि पुरवठा तोडायला माणूसही लागत नाही. केंद्राच्या २०२१ च्या योजनेत असे २५ कोटी मीटर बसवण्याचे लक्ष्य ठेवले गेले. जनतेच्या विरोधामुळे जून २०२४ मध्ये राज्य सरकारला सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर बसवणार नाही असे जाहीर करावे लागले. मीटरची पद्धत बदलून ते बसवण्याचे काम मात्र थांबले नाही.

पण प्रतिकाराचाही अनुभव हाताशी आहे. मुंबईलगतच्या भागात अदानी समूहाच्या कंपनीने समांतर परवाना मागितला, तेव्हा ४ जानेवारी २०२३ रोजी महाराष्ट्रातील वीज कामगार, अभियंते आणि अधिकारी एकजुटीने संपावर गेले आणि सरकारला त्याच दिवशी वाटाघाटीला बसावे लागले. या शक्तीला वस्तीतल्या ग्राहकाची साथ मिळवून देणे हे शाखांचे काम आहे. बिल चावडीवर, चाळीत, कामगार वस्तीत सामुदायिकपणे वाचले गेले पाहिजे. प्रत्येक आकाराचा जाब कार्यालयात एकत्र जाऊन विचारला गेला पाहिजे. बिल समजून घेण्याचे काम वीज कामगाराने ग्राहकाच्या खांद्याला खांदा लावून केले पाहिजे. आगाऊ पैसा नको, गरिबाच्या घरातील वीज आपोआप तुटता कामा नये, वितरण सार्वजनिक मालकीतच राहिले पाहिजे, या मागण्यांमागे अशीच शक्ती उभी राहील. बिल कळू लागले की मालक कोण हेही कळू लागते; नफेखोरांना धास्ती आहे ती त्याचीच.