विजयदुर्गाचे ओटे आणि हेलियमची पिवळी रेषा

हेलियमचा शोध इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून लावला, असं सिंधुदुर्गात सर्रास सांगितलं जातं. दरवर्षी १८ ऑगस्टला गडावर हेलियम दिन होतो, पाहुण्यांना लॉकियर साहेबांचे म्हणून ‘साहेबाचे ओटे’ दाखवले जातात. ही गोष्ट खोटी आहे, आणि ती सांगणं आपण थांबवलं पाहिजे.

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाला लॉकियर हिंदुस्थानात नव्हतेच. ते तेव्हा इंग्लंडच्या युद्धखात्यात कारकून होते. ग्रहणासाठी पिएर जान्सेन गुंटूरला, नॉर्मन पॉग्सन मछलीपट्टणला आणि लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला दुर्बिणी रोखून होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांमध्ये एक तेजस्वी पिवळी रेषा दिसली. ती सोडियमचीच, असा तेव्हाचा सर्वसाधारण समज. लॉकियरनी ती पाहिली २० ऑक्टोबरला, इंग्लंडमध्ये, ग्रहण नसताना. सोडियमच्या जोडरेषेशी ती जुळत नाही हे त्यांनी ठरवलं आणि पुढे या अनोळखी द्रव्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम म्हटलं गेलं.

‘मग ओटे कुणाचे?’ हा प्रश्न हमखास येतो. लॉकियर विजयदुर्गला आले होते यात शंकाच नाही. पण ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, ‘मेल्पोमीनी’ या युद्धनौकेवरच्या खलाशांना मदतीला घेऊन. त्याच्या तीन वर्षं आधी, १८९५ मध्ये, विल्यम रॅम्झींनी क्लेव्हाइट नावाच्या खनिजातून हेलियम काढूनही दाखवला होता. ओटे एवढंच सांगतात की साहेब आला होता. कधी आला, ते सांगत नाहीत.

‘तीस वर्षांचा फरक, त्यात काय एवढं? मुलांना विज्ञानाची गोडी लागते ना!’ हा युक्तिवाद मला सर्वांत घातक वाटतो. विज्ञानाची गोडी लावायची आणि त्यासाठी तारीख तपासायची नाही, हे कसं चालेल? शिवाय या दंतकथेपायी खरं नवल झाकलं जातं. नवल जागेचं नाही, त्या रेषेचं आहे.

तिची तरंगलांबी ५८७.६ नॅनोमीटर, सोडियमच्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ वर. इतक्या जवळच्या रेषा वेगळ्या मूलद्रव्यांच्या कशा? अणूतल्या इलेक्ट्रॉनला हवी तेवढी ऊर्जा बाळगता येत नाही. जिन्याच्या पायऱ्यांसारख्या ठरावीक पातळ्याच त्याला मोकळ्या असतात आणि प्रत्येक मूलद्रव्याचा जिना निराळा. वरच्या पातळीवरून खाली येताना फरकाएवढ्या ऊर्जेचा एक फोटॉन बाहेर पडतो. पिवळ्या रेषेच्या फोटॉनची ऊर्जा २.११ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. पण या उडीची खालची पातळीच हेलियमच्या तळापासून जवळजवळ २१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट वर आहे, आणि सूर्याच्या पृष्ठभागावरच्या उष्णतेत कणाच्या वाट्याला सरासरी एक इलेक्ट्रॉन-व्होल्टही येत नाही. म्हणून फ्राउनहोफरनी १८१४ पासून सूर्यप्रकाशातल्या शेकडो काळ्या रेषा नोंदवल्या, तरी हेलियम त्यांच्या हाती लागला नाही. त्यासाठी बिंबाच्या कडेवरचा वर्णावरणाचा पातळ थरच न्याहाळावा लागला. झळाळतं बिंब झाकलं गेलं की तो थर सहज दिसतो; ग्रहणाचं महत्त्व ते हे.

इलेक्ट्रॉन ग्रहांसारखे केंद्राभोवती फिरतात, ही आपल्या पाठ्यपुस्तकांतली लाडकी आकृतीही याच हेलियमपुढे टिकली नाही. नील्स बोर यांनी १९१३ मध्ये अशाच कक्षा मानून एका इलेक्ट्रॉनच्या हायड्रोजनच्या रेषांचं कोडं सोडवलं. दोन इलेक्ट्रॉनांच्या हेलियमने त्या कक्षा मोडीत काढल्या. त्याच्या वर्णपटात रेषांची दोन वेगळी घराणी होती. ती पाहून रुंगे आणि पाशेन यांना १८९५ मध्ये हे दोन वायूंचं मिश्रण आहे असं वाटलं होतं. उत्तर मिळालं १९२६ मध्ये, हायझेनबर्गकडून. दोन इलेक्ट्रॉन एकमेकांपासून ओळखताच येत नाहीत. ‘हा इकडचा, तो तिकडचा’ असं म्हणायची सोयच निसर्गात नाही. त्यामुळे त्यांचे स्पिन (अंगभूत गिरकी) समांतर की विरुद्ध, यावरून अणूच्या पातळ्यांचे दोन संच पडतात आणि एका संचातून दुसऱ्यात प्रकाश टाकून जाणं जवळजवळ अशक्य असतं. आपली पिवळी रेषा समांतर स्पिनच्या घराण्यातली. म्हणजे १८६८ मध्ये दिसलेल्या रेषेचा अर्थ लागायला अठ्ठावन्न वर्षं आणि एक नवं यामिकशास्त्र लागलं. याच्यापुढे किल्ल्याच्या मालकीचा दावा मला फार किरकोळ वाटतो.

विजयदुर्गाचा मान यात कमी होत नाही. १८९८ ची मोहीम खरी आहे, तिच्या निरीक्षणांचे अहवाल छापलेले आहेत आणि कोकणच्या किनाऱ्याला तेवढं पुरेसं आहे. हेलियम दिन जरूर करा. ओट्यांपाशी फलक लावा, त्यावर १८९८ लिहा. संध्याकाळी हेलियमची विद्युत्‌नळी पेटवा, मुलांच्या हाती विवर्तन जाळी द्या आणि ती पिवळी रेषा त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या.