खडक तोच, माती मात्र इथेच



२३ ऑगस्ट २०२३ रोजी आपले चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील भागात उतरले. तेव्हापासून गावच्या बैठकीत खता-बियाण्याचे बोलणे संपले की एक प्रश्न हमखास निघतो, “साहेब, चंद्रावर शेती होईल का हो?” कोणी मंगळाचे विचारतो. शाळकरी मुले तर थेट गुरू-शनीपर्यंत जातात. प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. जमीन घेताना आपण ऊन, वारा, पाणी आणि मातीची खोली पाहून मगच विसार देतो. आज त्याच नजरेने सूर्यमालेची शिवारफेरी करू.

घमेले आणि ज्वारीचा दाणा

आधी आकार आणि अंतरे ध्यानात यावीत म्हणून एक मांडणी करू. पृथ्वी म्हणजे ज्वारीचा एक टपोरा दाणा समजा. त्या मानाने सूर्य होतो एक मोठे घमेले. हे घमेले बांधाच्या टोकाला पालथे घाला. तिथून १८ मीटरवर मोहरीचा दाणा ठेवा, तो बुध. ३४ मीटरवर ज्वारीचा दुसरा दाणा, तो शुक्र. ४७ मीटरवर आपली पृथ्वी. ७२ मीटरवर बाजरीचा बारीक दाणा, तो मंगळ. इथवर सारे एका शेतात मावले.

पुढे मात्र शेत पुरत नाही. गुरू म्हणजे चांगले रसरशीत लिंबू, पण ते ठेवायचे २४४ मीटरवर. शनी त्याहून जरा लहान लिंबू, ४५० मीटरवर. युरेनस आणि नेपच्यून ही दोन बोरे. एक ९०० मीटरवर, दुसरे तर १४०० मीटरवर, म्हणजे बहुधा दुसऱ्याच्या शिवारात. मधली सारी जागा जवळजवळ मोकळी.

आणि आपला चंद्र? राजगिऱ्याचा एक दाणा, पृथ्वीच्या दाण्यापासून अर्ध्या वितेवर. माणूस पृथ्वी सोडून स्वतः जो काही गेला आहे, तो या अर्ध्या वितेएवढाच.

मोठ्यांच्या घरी नांगर टेकत नाही

आकाराने पहिला मान गुरूचा. बाकीचे सातही ग्रह एकत्र तोलले तरी त्यांचे वजन गुरूच्या निम्मेही भरत नाही. पण गुरू आणि शनी हे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम या वायूंचे गोळे आहेत. पाय ठेवावा, नांगर टेकवावा असा कठीण पृष्ठभागच तिथे नाही.

या दोघांची चाल मात्र आपल्या घराघरात ठाऊक आहे. गुरूला सूर्याभोवती एक फेरा घालायला सुमारे १२ वर्षे लागतात, म्हणून तो एका राशीत साधारण वर्षभर दिसतो आणि नाशिकचा सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. शनीला लागतात सुमारे साडेएकोणतीस वर्षे. बारा राशींत वाटली तर एका राशीला अडीच वर्षे होतात. तीन राशींची अडीचकी म्हणजेच साडेसाती. तिची धास्ती घेण्यापेक्षा आपल्या जुन्या लोकांनी नुसत्या डोळ्यांनी आकाश किती बारकाईने पाहिले होते, याचे कौतुक करावे.

या मोठ्या ग्रहांची गोतावळही मोठी. शनीच्या नोंद झालेल्या चंद्रांची संख्या अडीचशेच्या पुढे गेली आहे. गुरूचा गॅनिमीड आणि शनीचा टायटन हे दोन चंद्र तर बुध ग्रहाहूनही मोठे आहेत. मग ते ग्रह का नाहीत? कारण हे नाव केवळ आकारावर ठरत नाही. जो थेट सूर्याभोवती फिरतो तो ग्रह, जो ग्रहाभोवती फिरतो तो त्याचा चंद्र.

टायटनवर हवा आहे, आणि ती आपल्याहून दाट आहे. तिथे पाऊस पडतो, नद्या-तळी आहेत. हे ऐकून कोणाला वाटेल, जमले! पण तिथली थंडी शून्याखाली सुमारे १८० अंश. पाणी दगडासारखे गोठलेले. गोबरगॅसच्या शेगडीत जो मिथेन वायू जळतो, तोच तिथे थंडीने पातळ होऊन पावसासारखा कोसळतो. युरोपा या गुरूच्या चंद्रावर बर्फाच्या जाड थराखाली खाऱ्या पाण्याचा महासागर असावा असे शास्त्रज्ञ मानतात. पाणी भरपूर, पण वर बर्फ आणि सूर्यप्रकाश अगदी तोकडा.

दोन शेजारी, एक तापलेला, एक उघडा

आता जवळचे शेजारी पाहू. पहाटे किंवा सांजेला दिसणारी शुक्राची चांदणी आकाराने जवळजवळ पृथ्वीएवढीच. पण तिच्यावर कार्बन डायऑक्साइडचे इतके जाड पांघरूण आहे की आलेली उष्णता बाहेर पडत नाही. तिथे तापमान सुमारे ४६० अंश असते आणि हवेचा दाब आपल्या नव्वदपट. शिसे ठेवले तर वितळेल. वरचे पांढरे ढग सल्फ्युरिक आम्लाचे, म्हणूनच ती चांदणी एवढी लखलखते.

मंगळाचे उलटे. तो पृथ्वीच्या जेमतेम निम्म्या व्यासाचा, त्यामुळे त्याची ओढ कमी. हवा धरून ठेवणे त्याला जमले नाही. आज तिथल्या हवेचा दाब आपल्या शंभराव्या हिश्श्याहून कमी आहे. एके काळी तिथे पाणी वाहत होते, कोरड्या नद्यांची पात्रे अजून दिसतात. जमीन तांबडी आहे ती लोखंडाच्या गंजाने, कोकणातल्या जांभ्यासारखी. शिवाय २००८ साली तिथे उतरलेल्या फिनिक्स यानाला मातीत परक्लोरेट नावाचे घातक क्षार सापडले. आपल्याकडची खारपड जमीन पाण्याने धुऊन सुधारता येते, पण मंगळावर धुवायला वाहते पाणी कुठले?

चंद्रावरचा काळा पाषाण

चंद्रावर जे काळे डाग दिसतात, ज्यांना आपण ससा किंवा हरिण म्हणतो, ते लाव्हारसाचे थिजलेले पठार आहे. तो खडक म्हणजे बसाल्ट, आपला काळा पाषाण. इथे आमच्या धायरीतून सिंहगडाकडे पाहिले की डोंगराच्या पायऱ्या पायऱ्या दिसतात, तोही बसाल्टच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार झाले. याच खडकापासून आपली काळी कसदार जमीन तयार झाली. चंद्रावरचा बसाल्ट तर तीन-चारशे कोटी वर्षांइतका जुना. मग त्याची काळी जमीन का झाली नाही?

कारण खडक कुजवायला तिथे कोणी नाही. आपल्याकडे पावसाचे पाणी खडकात मुरते, त्यातली खनिजे विरघळवते आणि त्यांची चिकणमाती बनवते. ही चिकणमातीच पाणी आणि अन्नद्रव्ये धरून ठेवते. तीच उन्हाळ्यात भेगाळते. मग मुळे, जिवाणू, बुरशी, गांडुळे, पालापाचोळा आपापले काम करतात. एक सेंटीमीटर माती व्हायला शेकडो वर्षे लागतात. चंद्र लहान, त्याची ओढ पृथ्वीच्या एक षष्ठांश. हवा टिकली नाही, म्हणून पावसाचा थेंब नाही. तिथे आहे तो उल्कांच्या माऱ्याने झालेला भुगा, काचेच्या चुऱ्यासारखा धारदार.

चांद्रयान-३ ने या भुग्यात तापमान मोजणारी सळई खुपसली. वरचा थर उन्हाने तापलेला, आणि फक्त ८ सेंटीमीटर खाली शून्याखाली १० अंश! कणांमध्ये ना हवा, ना ओल, त्यामुळे वरची ऊब खाली पोचतच नाही. आपल्या वाफशाच्या जमिनीशी ताडून पाहा.

पेरून पाहिले ते असे

अमेरिकेचे बारा अंतराळवीर १९६९ ते १९७२ या काळात चंद्रावर चालले. तेथून एकूण ३८२ किलो खडक आणि धूळ आणली गेली. त्यातली चिमूटभर धूळ घेऊन फ्लोरिडा विद्यापीठाने मोहरीच्या कुळातल्या एका रोपट्याचे बी पेरले. निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. पाणी दिले, अन्नद्रव्ये दिली. बी उगवले! पण पुढे मुळे खुरटली, वाढ मंदावली, काही रोपांची पाने लालसर-जांभळट झाली. पीक ताणात असल्याची ही खूण तुम्हाला निराळी सांगायला नको. शेजारी पृथ्वीवरच्या ज्वालामुखीच्या राखेत पेरलेली रोपे मात्र बरीच चांगली वाढली.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे. बंद घरात, इथून नेलेल्या सामग्रीवर चंद्रावर चार रोपे पुढेमागे वाढतील. पण पाऊस पडला की पेरावे अशी जमीन आपल्या सूर्यमालेत दुसरीकडे कोठेही आढळलेली नाही.

धान्यदेवतेचा गोटा आणि लोणारचे विवर

मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात लाखो लहानमोठे गोटे फिरतात, त्यांना लघुग्रह म्हणतात. सारे गोळा केले तरी आपल्या चंद्राच्या पासंगाला पुरत नाहीत. त्यांतला सर्वांत मोठा सेरेस, सुमारे ९४० किलोमीटर व्यासाचा. तो १८०१ साली सापडला आणि त्याला रोमन लोकांच्या धान्यदेवतेचे नाव दिले गेले. नाव धान्यदेवतेचे, पण वर दाणा पिकत नाही! २००६ सालापासून तो आणि प्लूटो हे दोघेही बटुग्रहांत गणले जातात.

असाच एक धोंडा फार पूर्वी बुलढाणा जिल्ह्यात लोणार येथे आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे विवर झाले. हे ज्वालामुखीचे तोंड असावे असे पुष्कळ दिवस मानले जाई. विवरात बोअर घेऊन काढलेल्या खडकात जबर आघाताच्या खुणा मिळाल्या आणि १९७३ साली भारतीय व अमेरिकी शास्त्रज्ञांनी ते आघाताचेच आहे असे दाखवून दिले. बसाल्टमध्ये पडलेले आणि इतके चांगले टिकलेले विवर पृथ्वीवर विरळा, म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे लोणारला येतात.

फरक एवढाच की चंद्रावरची विवरे कोट्यवधी वर्षे तशीच उघडी पडून आहेत. लोणारच्या काठावर मात्र पाऊस पडला, माती धरली, झाडे उगवली. तोच खडक, तसाच घाव, पण इथली जमीन पुन्हा हिरवी झाली.

मग आपण काय करावे?

आमच्या धायरीचा उरलेला भाग २०१७ साली पुणे महापालिकेत गेला. जिथे औत चालत होते तिथे आता इमारती उभ्या आहेत. माणसांना घरे लागणारच, त्याला इलाज नाही. पण पाया खणताना वरची काळी माती मुरमात मिसळून ओढ्यात लोटली जाते, ते पाहून जीव हळहळतो. गावोगावी हे होऊ लागले आहे. म्हणून चार गोष्टी सांगतो.

एक, घर, गोठा किंवा शेततळे खोदताना वरची फूटभर माती आधी निराळी काढा आणि हलक्या रानात पसरा. दोन, नांगरट आणि पेरणी उताराला आडवी करा, फुटलेले बांध पावसाआधी घाला. तीन, पाचट आणि धसकटे पेटवू नका, ती मातीतच कुजू द्या. चार, रान मोकळे असेल तर ताग किंवा धैंचा टाका, उघड्या जमिनीवर पावसाचा मारा बसू देऊ नका.

मुलांसाठीही एक काम. दोन डबे घ्या, दोन्हींच्या बुडाला भोके पाडा. एकात खडीच्या क्रशरवरची कच भरा, ती आपल्याच काळ्या पाषाणाचा भुगा होय. दुसऱ्यात शेतातली माती भरा. दोन्हींत दहा-दहा दाणे मोहरीचे पेरा आणि सारखेच पाणी द्या. पहिले काही दिवस फारसा फरक दिसणार नाही, कारण बी स्वतःची शिदोरी घेऊन आलेले असते. तीन आठवडे थांबा, दोन्ही डब्यांतली रोपे मुळांसकट उपटून वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी मांडा. मग घरातल्या थोरांना बोलवा आणि काय फरक दिसतो ते मुलांनाच सांगू द्या.