अर्धे दत्तकविधान

दत्तक म्हणजे काय, हे मराठी वाचकाला नव्याने सांगावयास नको. विधान पुरे झाले की मुलाचे गोत्र बदलते, नाव बदलते; जन्मघरचा वारसा सुटतो आणि नव्या घरचा लागतो. ‘हा आमचा खरा, पण सर्वस्वी आमचा नव्हे’ अशी अधली अवस्था या व्यवहाराला ठाऊक नाही. ती अवस्था राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी निर्माण केली डलहौसीने. १८५३ च्या नोव्हेंबरात झाशीच्या गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी घेतलेले दत्तक त्याने खाजगी मालमत्तेपुरते ग्राह्य धरले आणि राज्यापुरते अमान्य केले. मूल घरचे झाले, गादीचे झाले नाही. या अर्धवट मान्यतेबद्दल आपण आजही डलहौसीला दोष देतो, आणि तो योग्यच आहे.

परंतु तसलीच अर्धवट मान्यता अमेरिकेच्या कायद्यात आजही नांदत आहे. तिचे बळी राजपुत्र नव्हेत. कोरियातून, ब्राझीलमधून आणि आपल्या भारतातूनही अजाणत्या वयात तिकडे दत्तक गेलेली अनाथ मुले आहेत. आज ती चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली माणसे झाली आहेत. घर त्यांना मिळाले, आडनाव मिळाले. नागरिकत्व मात्र मिळाले नाही.

हे घडले कसे, ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकन नागरिकाला परदेशात मूल झाले, तर काही अटींवर ते जन्मतःच अमेरिकन ठरते. परदेशातून दत्तक आणलेले मूल मात्र पूर्वी केवळ कायम रहिवासी म्हणून देशात येई. त्याच्या नागरिकत्वासाठी आईबापांना निराळा अर्ज करावा लागे. न्यायालयाचा दत्तकाचा हुकूम हातात पडला म्हणजे सारे झाले, अशी पुष्कळांची प्रामाणिक समजूत होती. काहींनी आळस केला. काहींनी तर मुलालाच टाकून दिले. मग अर्ज कोण करणार? अखेर ३० ऑक्टोबर २००० रोजी नवा कायदा संमत झाला आणि २७ फेब्रुवारी २००१ पासून अशा मुलांना आपोआप नागरिकत्व मिळू लागले. कायदा चांगला होता, पण त्याला एक शेपूट होते. त्या दिवशी ज्याचे वय १८ वर्षांहून कमी, त्यालाच लाभ. ज्याची १८ वर्षे भरली, त्याला काही नाही. एकाच घरात दत्तक आलेल्या दोन भावंडांपैकी १९८४ साली जन्मलेले नागरिक झाले आणि १९८२ साली जन्मलेले परकेच राहिले.

प्रस्तुत लेखक केंद्र सरकारच्या सेवेतील एक कारकून आहे. तारखांच्या रेघा ओढल्यावाचून कचेरीचे काम चालत नाही, हे त्याला पुरते ठाऊक आहे. १ जानेवारी २००४ ही तारीख आमच्या पिढीच्या निवृत्तिवेतनाचे स्वरूप ठरवून गेली. तिच्याविषयी आम्ही कुरकुर केली, पण ती समजू शकलो. तिजोरीला मर्यादा असते, आणि नोकरी धरणाऱ्या सज्ञान माणसाला नियम वाचून निर्णय घेता येतो. येथे यांपैकी काय आहे? एका माणसाला नागरिक म्हटल्याने दुसऱ्याचे नागरिकत्व घटत नाही. आणि तीन वर्षांच्या मुलाने कोणता नियम वाचावयाचा होता? जेथे वाटून द्यावयाचे असे काही नाही, तेथे ओढलेली रेघ ही काटकसर नव्हे. तो निव्वळ हलगर्जीपणा आहे.

या हलगर्जीपणाला धार आली ती १९९६ च्या कायद्याने. त्याने हद्दपारीस पात्र अशा गुन्ह्यांची व्याप्ती इतकी वाढविली की एक वर्षाची शिक्षा झालेली चोरी, मग ती शिक्षा स्थगित का असेना, तीत येऊ लागली. आणि दया दाखविण्याचा न्यायाधीशाचा अधिकार बहुतेक संपुष्टात आला. आपण नागरिक आहोत अशा समजुतीने ज्याने मतदान केले, त्याची ती समजूतही त्याच्यावर उलटू शकते.

परिणाम डोळ्यांसमोर आहेत. ब्राझीलमधून दत्तक गेलेला एक तरुण २००० साली तिकडे परत धाडला गेला आणि २००४ साली तेथे त्याची हत्या झाली. कोरियात २०१२ साली हद्दपार होऊन आलेल्या एकाने २०१७ साली आत्महत्या केली. १९८९ साली मुंबईहून अमेरिकेस नेलेल्या एका मुलीला २००८ साली पुन्हा मुंबईत आणून सोडण्यात आले. तिची स्वतःची मुले मात्र तिकडेच राहिली. ‘मायदेशी पाठविले’ असे सरकारी कागद म्हणतो. ज्या देशात आपले म्हणावे असे एकही माणूस उरलेले नाही, त्याला मायदेश म्हणणे ही भाषेची विटंबना आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : ‘ही माणसे गुन्हेगार आहेत.’ काही आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याच घरात त्याच आईच्या पोटी जन्मलेल्या भावाने तोच गुन्हा केला, तर तो तुरुंग भोगून घरी येतो. दत्तक भाऊ तुरुंग भोगतो आणि वर देशही गमावतो. म्हणजे ही दुसरी शिक्षा गुन्ह्याची नव्हे, जन्माची आहे. शिवाय ज्यांनी कधी काही गुन्हा केलेला नाही, तेही पारपत्र मागावयास गेल्यावरच आपण परके आहोत हे जाणतात.

दुसरा आक्षेप असा की चूक आईबापांची, तेव्हा सरकार काय करणार? सरकार काय करू शकते, याचे उत्तर त्याच देशाच्या इतिहासात आहे. १९५५ साली हॅरी होल्ट या ओरेगॉनच्या शेतकऱ्याला आठ कोरियन मुले दत्तक घेता यावीत म्हणून अमेरिकन काँग्रेसने खास कायदा केला. एका कुटुंबात आठ मुले आणण्यास जिला वेळ मिळाला, तिला त्यांच्यामागून आलेल्या हजारोंना ठेवून घेण्यास वेळ मिळू नये? २०१५ पासून हे शेपूट तोडण्याची विधेयके तेथे पुनःपुन्हा मांडली गेली. २०२२ साली एका मोठ्या विधेयकात ही तरतूद कनिष्ठ सभागृहाने मंजूरही केली, पण अंतिम कायद्यातून ती गळाली. २०२४ साली नव्या नावाने आलेले विधेयकही त्या काँग्रेसची मुदत संपेतो पडून राहिले.

तिसरा आक्षेप आपल्याच लोकांचा आहे : ‘अमेरिकेच्या कायद्याशी आपल्याला काय करावयाचे?’ हा सर्वांत सोयीचा, म्हणून सर्वांत वाईट. ही मुले पळून गेलेली नाहीत, आपण पाठविली. १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंपुरता असल्यामुळे परदेशी दांपत्ये १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखाली आपल्या न्यायालयांकडून केवळ पालक म्हणून नेमली जात, मूल घेऊन जात आणि खरे दत्तकविधान पुढे तिकडे होई. म्हणजे अर्धे विधान येथे, अर्धे तेथे! १९८४ साली लक्ष्मीकांत पांडे खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी या व्यवहाराला शिस्त लावली. २००३ साली भारताने हेगच्या दत्तकविषयक कराराला मान्यता दिली. हे सारे पुढच्या मुलांसाठी झाले. त्याआधी गेलेल्यांचे काय? कोरियात सत्यशोधन आयोगाने २०२५ च्या मार्चमध्ये, परदेशी दत्तकाच्या कामी शासनाकडून मानवी हक्कांचा भंग झाला, असे स्पष्ट म्हटले. आपण अजून प्रश्नही विचारलेला नाही.

तेव्हा मागणी मोठी नाही. आपल्या सरकारने हा विषय अमेरिकेपुढे राजनैतिक पातळीवर नेटाने मांडावा. जुन्या पालकत्वाच्या हुकुमांचा न्यायालयांच्या दप्तरांतून शोध घेऊन ज्याला आपले कागद हवे आहेत त्याला ते द्यावेत. कागद सापडावयास किती त्रास पडतो ते आम्हां कारकुनांना कळते, आणि मनात आणले तर ते सापडतात हेही कळते. आणि हद्दपार होणाऱ्या अशा माणसाच्या प्रवासपत्रावर शिक्का उमटविण्यापूर्वी आपल्या वकिलातीने एवढेच विचारावे की, हे मूल कोणाच्या हुकुमाने आणि कोणत्या वचनावर तिकडे गेले होते? ते वचन पुरे होईपर्यंत शिक्का मारण्याची घाई भारताने करू नये.