बोर्ड मेला म्हणण्याआधी



घरातली एखादी वस्तू बंद पडली की आपल्याकडे दोन गोष्टी लगेच होतात. पहिली, शेवटचा हात कोणी लावला याची चौकशी. दुसरी, वस्तू कायमची गेली असा निकाल. मिक्सर असो, पंखा असो, रीत हीच. आता काही घरांत मुलांच्या अभ्यासासाठी रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक आला आहे आणि त्याच्याही वाट्याला हेच येते. एके दिवशी तो सुरू होत नाही, किंवा सुरू होतो पण आवाज देत नाही. दुकानात नेला तर कधीकधी न उघडताच उत्तर मिळते, ‘बोर्ड उडाला, नवीन घ्या.’ बोनसमधून, भिशीतून घेतलेली वस्तू माळ्यावर जाते. आणि शेवटचा हात लावणारी पोर पुन्हा संगणकाला हात लावायला धजत नाही. पैशाच्या नुकसानीपेक्षा हे दुसरे नुकसान आम्हाला मोठे वाटते. म्हणून आज या यंत्राची तपासणी घरच्या घरी कशी करावी, ते क्रमाने सांगतो.

ज्यांनी हे यंत्र पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. इंग्लंडमधील केंब्रिज येथील मंडळींनी मुलांना संगणकाचे काम हाताने शिकता यावे म्हणून हे यंत्र तयार केले. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ते विक्रीस आले. लांबी-रुंदीने एटीएम कार्डाएवढाच एक बोर्ड. त्याला टीव्ही किंवा मॉनिटर, कीबोर्ड, माऊस आणि चार्जर जोडला की झाला संगणक. त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली चालते आणि ती मोबाईलमध्ये असते तशा नखाएवढ्या मेमरी कार्डावर ठेवलेली असते. मुलांनी खुशाल उघडावे, जोडावे, पुन्हा करून पाहावे, यासाठीच ते बनवले आहे. तेव्हा मुलाच्या हाताला दोष देण्याआधी वायर आणि कार्ड तपासावे, हे बरे.

तपासणीचा नियम एकच. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार्जर, कार्ड आणि केबल तिन्ही एकदम बदलली आणि यंत्र चालू झाले, तर दोष कशात होता हे कळत नाही, आणि चांगली वस्तूही कचऱ्यात जाते. हा नियम पाळून पुढे जाऊ.

पहिला प्रश्न विजेचा. यंत्राला ५ व्होल्ट लागतात आणि मोबाईलचा चार्जरही ५ व्होल्टचा असतो, म्हणून घरातला जुना चार्जर लावला जातो. पण व्होल्टबरोबर अँपिअरही पाहावे लागतात. या संगणकाच्या तिसऱ्या पिढीला अडीच अँपिअर, चौथीला ३ आणि २०२३ साली आलेल्या पाचवीला ५ अँपिअरचा चार्जर लागतो. जुन्या मोबाईलचा चार्जर एक-दोन अँपिअरच्या पुढे जात नाही. नळाला पाणी येते, पण धार बारीक असली की वरच्या मजल्यावर चढत नाही, तसेच हे. दिवा लागतो, मात्र काम करू लागताच यंत्र बसते. ‘फास्ट’ चार्जरवर मोठा आकडा छापलेला असतो, त्यालाही भुलू नये. तो आकडा बहुधा ९ किंवा त्याहून जास्त व्होल्टवरचा असतो. चार्जरवरच्या बारीक अक्षरांत ५ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिले आहेत, तेवढेच वाचावे. लांब आणि बारीक केबलमध्येही वीज वाटेत कमी होते, म्हणून केबल आखूड व जाड असावी. वीज कमी पडते आहे हे यंत्र स्वतःच सांगते. पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात विजेचे पिवळे चिन्ह दिसते, किंवा ‘लो व्होल्टेज’ अशी सूचना येते. ती दिसली तर इतर कशालाही हात न लावता आधी योग्य चार्जर आणावा.

दुसरा प्रश्न कार्डाचा. बोर्डावर दोन दिवे असतात. लाल दिवा वीज आल्याचा, हिरवा दिवा कार्ड वाचत असल्याचा. लाल लागला आणि हिरवा अनियमित लुकलुकत राहिला, तर यंत्राचे काम चालू आहे, अडचण पडद्याकडची असू शकते. हिरवा ठराविक वेळा लुकलुकून थांबतो, पुन्हा तितकेच लुकलुकतो, असे झाले तर मोजावे. चौथ्या पिढीत ४ वेळा म्हणजे सुरुवातीची फाईल सापडली नाही; ७ वेळा म्हणजे लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो सापडला नाही. ही दोन्ही दुखणी बहुतेक कार्डाची. ८ वेळा म्हणजे मात्र बोर्डावरच्या मेमरीची तक्रार. तेथे घरचा उपाय चालत नाही. पाचव्या पिढीत हे दोन रंग एकाच दिव्यात आहेत. यंत्र बंद असताना तो लाल असतो.

सप्तरंगी चौकोन दिसून पडदा तेथेच अडकला, तर तीही बहुधा कार्डाचीच गोष्ट. जुन्या यंत्राचे कार्ड नव्या यंत्रात घातले की असे होते, कारण जुन्या प्रणालीला नव्या बोर्डाची ओळख नसते. अशा वेळी नवीन प्रणाली लिहिलेले दुसरे कार्ड लावून पाहावे. ‘रास्पबेरी पाय इमेजर’ हा फुकटचा प्रोग्रॅम एखाद्या ओळखीच्याच्या संगणकावर घेऊन कार्ड तयार करता येते.

येथे सर्वांत महत्त्वाची सूचना. आपले कार्ड विंडोजच्या संगणकाला लावले की पडद्यावर एक प्रश्न येतो, ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का?’ घाबरून ‘हो’ दाबू नये. कार्डावरचा लिनक्सचा भाग विंडोजला वाचता येत नाही, म्हणून तो असा प्रश्न विचारतो. कार्ड बिघडले असा त्याचा अर्थ नाही. ‘हो’ म्हटले की मुलीचा प्रकल्प, मुलाच्या वह्या, काढलेली चित्रे, सगळे हातचे जाते. ‘कॅन्सल’ दाबावे. मग दुसऱ्या कार्डावर यंत्र चालू करावे, जुने कार्ड यूएसबी कार्ड-रीडरमध्ये घालून त्याच यंत्राला लावावे आणि ‘होम’ नावाच्या फोल्डरमधून आपल्या फाईली उतरवून घ्याव्यात. पुष्कळदा सगळे जसेच्या तसे मिळते.

तिसरा प्रश्न पडद्याचा. चौथ्या व पाचव्या पिढीच्या बोर्डाला पडद्यासाठी दोन बारीक एचडीएमआय तोंडे आहेत. चार्जरच्या तोंडाला लागून असलेले पहिले. एकच पडदा असेल तर केबल याच पहिल्या तोंडात घालावी. टीव्हीवर एचडीएमआयचा योग्य क्रमांक निवडला आहे ना, हेही पाहावे. आणि आधी टीव्ही, मग यंत्र, असा चालू करण्याचा क्रम ठेवावा, कारण जुन्या पिढीचे बोर्ड सुरू होताना पडदा जोडलेला नसेल तर चित्र देत नाहीत. शेवटची खूण म्हणजे सगळे कार्ड-पेनड्राइव्ह काढून यंत्र चालू करणे. अलीकडच्या चौथ्या-पाचव्या पिढीच्या बोर्डावर काही अक्षरे उमटतात. ती उमटली म्हणजे बोर्ड जिवंत आहे. तिसऱ्या पिढीत कार्डाशिवाय पडदा काळाच राहतो, त्यावरून बोर्ड मेला असे ठरवू नये.

आता आवाजाकडे वळू. आवाजाची बहुतेक तक्रार ही बिघाडाची नसते. आवाज निघतो, पण दुसऱ्याच वाटेने जातो. चौथ्या पिढीत आवाजाच्या दोन वाटा आहेत, एक एचडीएमआयमधून टीव्हीकडे, दुसरी इअरफोनच्या गोल तोंडातून. यंत्राने टीव्हीची वाट धरली असेल आणि आपण गोल तोंडात स्पीकर लावून बसलो असलो, तर काय ऐकू येणार? पडद्याच्या वरच्या उजव्या बाजूला स्पीकरचे चित्र असते. त्यावर माऊसचे उजवे बटण दाबले की वाटांची यादी येते, हवी ती निवडावी. पाचव्या पिढीत, आणि ज्या ४०० व ५०० क्रमांकाच्या यंत्रांत संगणक कीबोर्डच्याच पोटात बसवला आहे, त्यांत ते गोल तोंडच नाही. तेथे टीव्ही, ब्लूटूथ किंवा यूएसबी स्पीकर हाच मार्ग.

स्वस्तात मिळणारे जुने ऑफिसचे मॉनिटर अनेक घरांत वापरले जातात. त्यांना बहुधा निळ्या तोंडाची व्हीजीए केबल असते आणि मध्ये कन्व्हर्टर लावावा लागतो. व्हीजीए फक्त चित्र नेते, आवाज नेत नाही. म्हणून कन्व्हर्टर घेतानाच त्याला आवाजाचे वेगळे तोंड आहे का, ते विचारून घ्यावे. काही मॉनिटरला एचडीएमआय असते पण आत स्पीकरच नसतो, हेही लक्षात ठेवावे.

वाट बरोबर असूनही आवाज नसेल तर तो आतून बंद केलेला असू शकतो. टर्मिनल उघडून इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, ए-एल-एस-ए-एम-आय-एक्स-ई-आर असे लिहून एंटर दाबावे. एफ-६ दाबून आवाजाचे यंत्र निवडता येते. पट्टीखाली एम-एम अशी दोन अक्षरे दिसली तर आवाज बंद आहे. एम दाबला की सुरू होतो.

आणखी दोन गोष्टी. गोल तोंडातला आवाज इअरफोनपुरताच असतो; जुन्या रेडिओतला नुसता स्पीकर त्यावर वाजणार नाही, स्वतःची वीज घेणारा स्पीकर हवा. त्या स्पीकरची वीजही याच बोर्डाच्या यूएसबीमधून घेतली तर गुणगुण ऐकू येते, ती वेगळ्या चार्जरवरून द्यावी. दुसरे, मोबाईलच्या इअरफोनचा माईक येथे चालत नाही. त्या तोंडातून आवाज फक्त बाहेर येतो, आत जात नाही. ऑनलाइन शिकवणीत मुलगी बोलते आणि बाईंना ऐकू जात नाही, तेव्हा तिला रागावून उपयोग नाही, यूएसबीचा माईक लावावा लागतो.

हे सारे होऊ नये म्हणून एक सवय लावावी. काम संपले की भिंतीवरचे बटण सरळ बंद करू नये. कार्डावर काही लिहिले जात असताना वीज तुटली तर लिहिणे अर्धवट राहते, आणि उद्या यंत्र सुरू होत नाही. मेनूतून ‘शटडाऊन’ करावे, हिरव्या दिव्याची लुकलुक थांबू द्यावी, मगच बटण. मुलांच्या फाईलींची एक प्रत आठवड्याला पेनड्राइव्हवर काढून ठेवावी. एक जादा कार्ड प्रणालीसह तयार ठेवले तर परीक्षेच्या दिवसांत खोळंबा होत नाही.

आईवडिलांना आमचे सांगणे आहे की वीज, कार्ड, पडदा, आवाज हे चार शब्द याच क्रमाने एका कागदावर लिहून यंत्राशेजारी भिंतीला लावावेत. आपण स्वतः शाळेत किती शिकलो याचा येथे संबंध नाही. चार्जरवरचा आकडा वाचणे आणि दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजणे कोणालाही जमते. मुलांना जवळ बसवून त्यांच्याकडूनच एकेक तपासून घ्यावे. एवढे करूनही दुकानात जावे लागलेच, तर यातले काय काय तपासले आहे ते सांगावे आणि दुकानदारानेही काय तपासले ते विचारावे. ज्याला विचारता येते त्याला ‘नवीन घ्या’ असे सहजासहजी कोणी सांगत नाही.