कार्ड एकच, कॉफी वेगळी

कॅपुचिनोचा कप हातात घेतला की ओठाला लावण्याआधीच त्याची परीक्षा होते. साखळीतल्या एका शाखेत तो दुधाने जड लागतो आणि वर फेसाचा जेमतेम थर असतो. त्याच साखळीच्या दुसऱ्या शाखेत कप हलका, वर दोन बोटे कोरडा फेस आणि खाली चार घोटांत संपणारी कॉफी. पाटी तीच, दर तोच, काउंटरमागे चिकटवलेले रेसिपी कार्डही तेच. गिऱ्हाइकांची ही तक्रार आता आपल्या व्यवसायात रोजची झाली आहे. त्यावरचा आपला उपायही ठरून गेला आहे: मुलांना पुन्हा ट्रेनिंगला पाठवा. हा उपाय अपुरा आहे आणि त्यात मुलांवर अन्यायही होतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कार्डावर असते काय? शॉट किती, सिरपचे पंप किती, कप कोणता. या गोष्टी मोजायला सोप्या, त्यामुळे त्या सहसा चुकत नाहीत. चव बिघडते ती कार्डावर नसलेल्या जागी, आणि त्यातली पहिली जागा ग्राइंडर. सकाळी १८ ग्रॅम पुडीतून २८ सेकंदांत ३६ ग्रॅम एस्प्रेसो उतरत असेल, तर आठवडाभर उघड्या राहिलेल्या पिशवीतल्या बिया त्याच खुणेवर दळल्या की तेवढीच एस्प्रेसो २० सेकंदांत धावत खाली येते. ती आंबट लागते, पाणचट लागते. पावसाळ्यात आणखी एक अडचण. दमट हवेत पूड ओलावा धरते, तिच्या गुठळ्या होतात आणि पाणी सगळ्या पुडीतून न जाता सापडेल त्या फटीतून वाट काढते. नागपूरच्या मे महिन्यात बसवलेली सेटिंग मुंबईच्या जुलैत चालणार नाही, हे मशीनवर उभे राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरीही अनेक साखळ्यांत शाखेतल्या माणसाला ग्राइंडरला हात लावायची मुभा नसते.

दुधाचे तेच. टोन्ड दुधात स्निग्धांश ३ टक्के, फुल क्रीममध्ये ६. ठरलेला पुरवठा चुकला की शाखा कोपऱ्यावरच्या डेअरीतून मिळेल ते आणते आणि फेसाची जात बदलते. ६० ते ६५ अंशांवर दुधाचा गोडवा सर्वात छान लागतो; ७०च्या पुढे गेले की शिजलेल्या दुधाचा वास येतो. गर्दीच्या वेळी मात्र पिचरमध्ये उरलेले दूध तसेच ठेवून, वर थोडे गार दूध ओतून पुन्हा वाफवले जाते. असे दूध नीट फुलत नाही, मोठमोठे बुडबुडे धरते. पुढचे चार कप त्यातूनच भरले जातात.

हा प्रश्न मोठमोठ्यांनाही सुटलेला नाही. हॉवर्ड शुल्ट्झ स्टारबक्समध्ये मुख्याधिकारी म्हणून परतल्यावर २६ फेब्रुवारी २००८च्या संध्याकाळी कंपनीने अमेरिकेतली सुमारे ७,१०० दुकाने काही तास बंद ठेवली आणि बरिस्तांना एस्प्रेसो काढायला नव्याने शिकवले. धंद्याच्या वेळी दार लावून शिकवणे ही धाडसाची गोष्ट होती, तिचा आम्हाला आदर आहे. पण २०१०मध्ये त्याच कंपनीला सांगावे लागले की एका वेळी दोनच पेये बनवा आणि प्रत्येक पेयाचे दूध वेगळे वाफवा. म्हणजे शिकवलेले हात गर्दीत पुन्हा जुन्या वाटेला लागले होते. त्या सूचनेवर बरिस्तांचे म्हणणे होते की रांग लांबेल. ते रास्तच होते. कामाची पद्धत वाढवायची आणि माणसे व वेळ तेवढीच ठेवायची, हे जमत नाही. सप्टेंबर २०२४मध्ये सूत्रे घेतलेल्या ब्रायन निकोल यांनी मेन्यूच सुमारे ३० टक्क्यांनी कमी करायचे ठरवले, ते आम्हाला जास्त पटते. आपल्याकडच्या साखळ्या दर सणाला चार नवी पेये आणतात, जुने एकही काढत नाहीत. महिनाभरापूर्वी लागलेल्या मुलाने ती सगळी पाठ कशी करावी?

खरी गाठ वेस्टेजच्या तक्त्यात आहे. सकाळी सेटिंग लावताना तीन-चार शॉट ओतून द्यावे लागतात. दुपारी एखादा बिघडतो, तोही फेकायला हवा. पण शाखेच्या वेस्टेजवर व्यवस्थापकाचा बोनस ठरत असेल तर बिघडलेला शॉट फेकणार कोण? तो दुधात आणि सिरपमध्ये बुडवून गिऱ्हाइकाला दिला जातो, आणि शिफ्टवरच्या नव्या मुलाला पहिल्याच आठवड्यात कळते की इथे चवीपेक्षा आकडा मोठा.

म्हणून साखळ्यांच्या मालकांकडे आमची मागणी आहे. सेटिंगसाठी लागणारी कॉफी वेस्टेजमधून काढून वेगळ्या खात्यावर टाका. प्रत्येक मशीनशेजारी ग्रॅममध्ये मोजणारा काटा ठेवा. तो शाखेच्या एका दिवसाच्या सिरपपेक्षा फार महाग नाही. रोस्टरमध्ये दार उघडण्यापूर्वीची वीस मिनिटे आणि शिफ्ट बदलतानाची दहा मिनिटे ग्राइंडरसाठी पगारी वेळ म्हणून लिहा. एरिया मॅनेजर शाखेत आले की त्यांनी आधी एक एस्प्रेसो बिनसाखरेची प्यावी, मग फाइल उघडावी. आणि शॉट फेकण्याचा निर्णय मशीनवरच्या माणसाचा असेल, त्याबद्दल त्याला कोणी जाब विचारणार नाही, हे रेसिपी कार्डाच्या पहिल्या ओळीत छापा.