बल्ब नका बदलू, आधी अर्थिंग बघा

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. ज्यांना आमच्या ट्रकपुराणाचा कंटाळा आलाय (बायको त्यात पहिली), त्यांनी सरळ पुढच्या रविवारी यावं.

आमच्याकडे मिशिगनमध्ये 1972 सालचा शेव्हरोले सी-10 पिकअप आहे, हे एव्हाना सगळ्या नातेवाइकांना पाठ झालंय. मागच्या नोव्हेंबरात लेक तो घेऊन घरी येत होती. संध्याकाळचे सहा, म्हणजे इकडे काळोखच. सिग्नलला तिने ब्रेक मारला आणि मागची गाडी टायर किंचाळत बंपरपासून हातभर अंतरावर थांबली. तो माणूस उतरून म्हणाला, तुझे ब्रेकचे दिवे लागतच नाहीत. लागत होते हो. पण इतके मिणमिणते की ब्रेक दाबला काय न दाबला काय, मागून सारखंच.

ट्रक गॅरेजला दिला. त्यांनी बल्ब बदलले. मग होल्डर. मग ब्रेकचा स्विच. मग हेडलाइटचाही स्विच, का ते देव जाणे. बिल चारशे डॉलरच्या घरात, आणि वर सल्ला: "अख्खं वायरिंगच बदला, जुन्या गाड्यांचं असंच असतं."

'असंच असतं' हे निदान झालं का? ताप आलेल्या माणसाला डॉक्टर म्हणाला, तुमच्या वयात असंच असतं, तर आपण ऐकून घेऊ?

बरं, ट्रक बिचारा स्वतःच सांगत होता. दिवसा, सगळे दिवे बंद असताना ब्रेक दाबला की डॅशबोर्डातले दिवे हलकेच उजळायचे. मागच्या बल्बमध्ये दोन तारा असतात, एक टेललाइटची आणि एक ब्रेक व इंडिकेटरची. दोघींचा परतीचा रस्ता एकच: बल्बची टोपी, दिव्याचं घर, हौद्याचा पत्रा, हौद्याचे बोल्ट, चासी आणि मग बॅटरी. हा रस्ता तुंबला की ब्रेकचा करंट दुसऱ्या तारेतून उलटा घुसतो, टेललाइटच्या वायरने पुढे जातो आणि डॅशबोर्डाच्या दिव्यांतून अर्थ शोधतो. इकडे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. पन्नास वर्षांच्या मिठाने बोल्टाखाली गंजाचा थर बसला, तर त्यात नवीन बल्ब काय करणार?

शेवटी मीच मीटर काढला. एक टोक लांब वायरने बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं दिव्याच्या घराला, आणि लेकीला सांगितलं ब्रेक दाबून धर. मीटरवर 6 व्होल्ट! तिथे 0.2 च्या वर असता कामा नये. म्हणजे बॅटरीतला निम्मा जोर गंज खात होता. बोल्ट काढून, तारेच्या ब्रशने पत्रा चकचकीत करून, दिव्यापासून चासीपर्यंत वेगळी वायर टाकली. खर्च सहा डॉलर. (गंजाने कापलेलं बोट धरलेलं नाही.)

एक सांगतो, मीटरचा बझर वाजला म्हणजे वायर चांगली, असं समजणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. दहा धाग्यांपैकी एकच शिल्लक असला तरी बझर वाजतो. वायरची परीक्षा दिवा चालू असताना, भाराखालीच.

आणि एलईडीवाले! "एलईडी टाका, सगळं ठीक होतं" म्हणे. होतं ना, कारण एलईडीला करंटच कमी लागतो, म्हणून गंजलेला जोड तेवढ्यापुरता पुरतो. दुखणं तिथेच. शिवाय जुना फ्लॅशर करंटने तापून लुकलुकतो, त्याला तेवढा करंट मिळाला नाही की इंडिकेटर नुसता लागून राहतो.

सगळ्यात वाईट म्हणजे फ्यूज उडाला की मोठा फ्यूज टाकणारे. सांगलीच्या घरी किटकॅटमध्ये तार जाड करून बसवण्यात आमचे अण्णा पटाईत होते. मीही या ट्रकमध्ये एकदा 30 अँपिअरचा ठोकलाय, खोटं कशाला बोलू. फ्यूज वायर वाचवायला असतो. तो जाड केला की आधी वायर पेटते.

पण एक कबूल करतो. त्या गॅरेजवाल्याने दोन तास शोधलं असतं आणि 'गंजलेला बोल्ट साफ केला, दोनशे डॉलर' असं बिल दिलं असतं, तर मीच भांडलो असतो. खोक्यातला नवा स्विच दिसला की आपण मुकाट्याने पैसे देतो. डोकं चालवण्याचे द्यायचे म्हटलं की आपला हात खिशातच अडकतो. मग तो शोधेल कशाला? खोकी विकेल.

असो. डावा इंडिकेटर अजून लुकलुकत नाही, नुसताच लागून राहतो. मामा, फोनवर "फ्लॅशर बदल" म्हणू नका. आधी पुढचा बल्ब खरंच पेटतोय का ते बघतो.