रुळांचे माप आणि चार्जिंगचा प्लग

१/ पुणे–नाशिक रस्त्यावर, नारायणगावाला लागून असलेल्या वारूळवाडीत विजेवरच्या दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या दुचाकी एकाच जलद चार्जरपाशी थांबल्या आहेत, अशी कल्पना करा. वीज तीच, प्लग मात्र एकीलाच बसतो. हा पेच नवा वाटतो. महाराष्ट्राने तो रुळांवर शंभर वर्षे सोसला आहे.

२/ १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली ती साडेपाच फुटी रुळांवरून. डलहौसीच्या काळात साऱ्या हिंदुस्थानासाठी हेच माप ठरले होते. पुढे १८७० च्या सुमारास, मेयोच्या कारकिर्दीत, काटकसरीपोटी मीटरगेज आले. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी रुळांवर धावू लागली.

३/ प्रत्येक निर्णय आपापल्या जागी शहाणपणाचाच होता. परंतु कुर्डुवाडीला बार्शीचा माल उतरवून पुन्हा रुंद डब्यांत भरावा लागे. मिरजेकडून पुण्यास येणाऱ्या मालाचीही तीच गत. हमाली आणि खोळंबा यांचा भार माल पाठवणाऱ्यावर पडे, माप ठरवणाऱ्यावर नव्हे. पुणे–मिरज मार्ग रुंद व्हायला १९७१ साल उजाडले, आणि देशभर एकच माप करण्याचा प्रकल्प तर १९९२ मध्ये हाती घेतला गेला.

४/ मग माप आधीच बांधून टाकावे काय? तसेही नाही. २०१७ चे ‘भारत डीसी-००१’ हे मानक तेव्हाच्या कमी व्होल्टेजच्या मोटारींसाठी होते. लवकरच अधिक व्होल्टेजच्या बॅटऱ्या आल्या, मोटारी ‘सीसीएस-२’कडे वळल्या आणि जुने चार्जर नव्या गाड्यांच्या उपयोगाचे राहिले नाहीत.

५/ युरोपने २०१४ मध्ये कायद्याने प्लग निवडला. अमेरिकेत टेस्लाने २०२२ मध्ये आपला प्लग इतरांना खुला केला आणि पुढच्याच वर्षी फोर्ड, जनरल मोटर्स त्याकडे वळल्या. वाटा दोन, मुक्काम एकच.

६/ आपल्या दुचाकींसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२३ मध्ये एसी आणि डीसी दोन्ही प्रवाह घेणाऱ्या एकाच प्लगचे मानक मंजूर केले. सर्व कंपन्यांनी मात्र ते स्वीकारलेले नाही. माझ्या मते आता मुदत घालून ते बंधनकारक करावे. विकलेल्या गाड्यांची संख्या वाढेल तसा बदलाचा खर्चही वाढेल.

७/ ‘याने नवे संशोधन थांबेल’ हा आक्षेप ऐकू येतो. परंतु साडेपाच फुटी रुळांवरच वाफेची इंजिने गेली आणि विजेची आली. माप जोडणीचे बांधायचे असते, यंत्राचे नव्हे.

८/ मोठ्या शहरात दोन प्रकारचे चार्जर उभे राहू शकतील. वारूळवाडीच्या रस्त्यावरील छोटा हॉटेलवाला एकच बसवू शकेल, आणि तो कोणाच्याही गाडीला चालेल अशी खात्री असेल तरच तो पैसे घालेल. कुर्डुवाडीची हमाली आपल्या रस्त्यांवर पुन्हा येऊ नये, एवढेच मागणे आहे.